वसंताआधी बाहेर काढायच्या वस्तू

एका संध्याकाळी ऑफिसमधून आले तर आमच्या फ्रिजवर पोट सुटलेला, टकला, सोनेरी रंगाचा लाफिंग बुद्धा बसला होता. त्याला तिथे बसवणारे माझे वडील शेजारच्या खुर्चीत बसून लाल कव्हरचं इंग्रजी पुस्तक वाचत होते. मी खांद्यावरची पर्स काढायचीच विसरले. हा प्रकार नवऱ्याने केला असता तर मी हसले असते. सासूबाईंनी केला असता तर मनातल्या मनात चरफडले असते. पण बाबांनी? कराडच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या, माझ्या लग्नाच्या वेळी पत्रिका मागणाऱ्यांना "पत्रिका केलेली नाही, मार्कशीट आहे, आणू का?" असं विचारणाऱ्या बाबांनी?

"हे काय आहे?"

"फेंग शुई," बाबा पान न उलटता म्हणाले. "याचं तोंड दाराकडे पाहिजे. म्हणजे येणारी ऊर्जा चांगली येते."

ऊर्जा हा शब्द बाबांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकला होता, पण त्याच्यापुढे नेहमी ज्यूल यायचे. माझ्या लहानपणी एका मामाने आमच्या नव्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधली होती. बाबांनी तो दिसेनासा होईपर्यंत वाट पाहिली, मग लिंबाचं सरबत करून आम्हाला पाजलं आणि मिरच्या पोह्यात घातल्या. त्या माणसाने आता चेन्नईतल्या पाँडी बझारच्या फुटपाथवरून एक पुस्तक उचलून आणलं होतं आणि माझ्या घरात दिशा शोधत होता. मला धक्काच बसला. खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. म्हातारपणी माणसांच्या डोक्याचं काहीतरी होतं असं ऐकलं होतं.

त्यात हे वर्ष नेहमीसारखं नव्हतं. आई आषाढात गेली. दोन महिन्यांचं दुखणं, त्यातले शेवटचे पंधरा दिवस दवाखान्यात. तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी चेन्नईला परत आले, कारण आमचं सॉफ्टवेअर त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाकडे सुरू व्हायचं होतं. नातेवाईक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. मलाही तसंच वाटलं. मला रडू आलं नव्हतं, दवाखान्यात नाही आणि नंतर घरीही नाही. गणपती झाल्यावर मी कराडला जाऊन बाबांना घेऊन आले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, चहापलीकडे स्वयंपाक येत नाही, भावंड मला कुणी नाही. त्यांना एकटं कसं ठेवायचं? बाबा यायला तयार नव्हते. शेवटी एका अटीवर आले.

"गुढीपाडव्यापर्यंत राहतो. मग जायचं की राहायचं ते ठरवू."

मला ते कायमचे राहायला हवे होते. त्यासाठी मी काय काय केलं: वेस्ट मांबलमच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधली हवेशीर खोली त्यांना दिली, मराठी पेपर दोन दिवस शिळा का होईना पण टपालाने सुरू केला, सांबारात गूळ घालायला लागले. फक्त मी स्वतः घरी नसायचे. नवरा श्रीपेरंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात, पहाटे सहाला कंपनीच्या बसने जायचा. मी आठला निघायचे आणि रात्री आठला यायचे, आल्यावर लॅपटॉप उघडून अमेरिकेशी बोलत बसायचे. ताट कीबोर्डच्या शेजारी. बाबा टीव्हीसमोर एकटे जेवायचे. टीव्हीवर तमिळ, त्यांना तमिळ येत नाही, तरी बघायचे.

आणि आता हा बुद्धा. मी बॉम्ब पडल्यासारखी ऑफिसात मैत्रिणींना सांगत सुटले, माझे बाबा गेले कामातून.

पुढच्या दोन महिन्यांत पुस्तकाने आमच्या घरात कायदे करायला सुरुवात केली. पहिला कायदा, बाहेरून आलेल्या माणसाने थेट खोलीत जायचं नाही. दहा मिनिटं हॉलमध्ये पूर्वेकडे तोंड करून बसायचं, म्हणजे बाहेरची ऊर्जा निवते. दुसरा, जेवण टेबलावर, सगळ्यांनी एकत्र. एक जरी खुर्ची रिकामी राहिली तरी घराचा तोल जातो. तिसरा, जेवताना फोन दाराजवळच्या टोपलीत, कारण फोन म्हणजे धातू आणि धातू लाकडाला कापतो.

"कुठल्या लाकडाला?" मी.

"पूर्व दिशा म्हणजे लाकूड. लाकूड म्हणजे वसंत. आणि पूर्व म्हणजेच कुटुंब. तिन्ही तक्त्यातल्या एका घरात आहेत. आपल्या हॉलची पूर्व मेलेली आहे, तिथे वसंत यायचा तर ती जागती करायला पाहिजे."

"बाबा, चेन्नईत वसंत येत नाही. मार्चमध्ये सरळ मे येतो."

"म्हणूनच जास्त काळजी घ्यायची."

नवरा या सगळ्यावर खूश होता. तो इंजिनिअर, पण सासरे बोलतात याचाच त्याला आनंद. तो आल्या आल्या बूट काढून पूर्वेकडे तोंड करून गुपचूप बसायचा, बाबा त्याला चहा द्यायचे आणि दोघे कारखान्यातल्या रोबोंवर बोलायचे. मी मात्र त्या दहा मिनिटांत रोज भांडायचे. पुरावा काय, प्रयोग कुणी केला, ऊर्जेचं एकक काय. तुम्हीच मला शिकवलंत ना, सिद्धता नसलेलं काही मानायचं नाही? बाबा शांतपणे पुस्तकाचा हवाला द्यायचे. कधी पान चाळून, कधी पुस्तक मिटलेलं असतानाच. मी म्हणायचे, आई असती तर तिने हे पुस्तक बंबात घातलं असतं. आईचं नाव एरवी घरात निघत नसे, असं भांडणातच निघायचं. बाबा म्हणायचे, असती तर तिने आधी बुद्धाला टोपडं शिवलं असतं. मग मी उठून लॅपटॉपकडे जायचे. दहा मिनिटांची वीस झालेली असायची.

आमची घरमालकीण खाली राहायची. तंजावरकडचं मराठी कुटुंब, सातआठ पिढ्या इकडेच गेलेली. आम्ही त्यांना मामी म्हणायचो. त्यांची मराठी ऐकली की एखाद्या जुन्या पत्रातली माणसं बोलतायत असं वाटायचं, मध्येच तमिळ यायची आणि हेल तर पूर्ण तमिळच. बाबांचं आणि त्यांचं चांगलं जमलं होतं. पाण्याची लॉरी आली की दोघं कळशा घेऊन रांगेत उभे राहायचे. त्या वर्षी शहरात पाण्याची बोंब होती, लॉरी एक दिवसाआड यायची.

जानेवारी लागला, तेव्हा मामींनी बाबांना भोगी समजावली, त्या तिला तमिळ वळणाने पोगी म्हणायच्या. पोंगलच्या आदल्या पहाटे घरातलं जुनं सगळं दारात जाळायचं. "पाय, केरसुण्या, जुनीं धडुतीं, सगळें," मामी म्हणाल्या. पाय म्हणजे निजायची चटई. "जुनें जावें, नवें यावें म्हणून. तुमच्यांत नाहीं?"

आमच्यात भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि दहा भाज्यांची मिसळभाजी. जाळणं वगैरे आम्ही होळीला करतो, आणि तेही लाकडं, संसार नाही. पण बाबांना नवं बळ आलं. पुस्तकात म्हणे हेच लिहिलं होतं. चिनी लोकांचं वर्ष वसंताने सुरू होतं आणि त्याआधी घरातला अडगळीचा कण न् कण बाहेर काढतात, नाहीतर नवी ऊर्जा दारातूनच परत जाते. त्या वर्षी ते चिनी नवं वर्ष पोंगलनंतर लगेचच येत होतं. "बघ," बाबा म्हणाले, "तमिळ आणि चिनी, दोघांचं उत्तर एकच आलं." मग त्यांनी आखीव कागदावर यादी केली. वर ठळक अक्षरात लिहिलं, वसंताआधी बाहेर काढायच्या वस्तू. एक, मिक्सरचं फुटकं भांडं. दोन, जावईबुवांचे फाटके बूट. तीन, माझ्या लॅपटॉपच्या वायरी, "चालू सोडून". वेत तुटलेली खुर्ची, तीन झाडू, पडद्यांच्या चिंध्या, बरंच काही. एरवी टीव्हीसमोर बसून असलेला माणूस चार दिवस घरभर फिरत होता, शिडीवर चढत होता. मी चिडत होते, पण मनातून बरं वाटत होतं. वाटलं, रमले. पाडव्याला राहतील.

आता गोधडीचं सांगायला हवं. बाबा येताना एक बॅग आणि आईच्या पातळांची गोधडी एवढंच घेऊन आले होते. आईने हाताने टाके घालून शिवलेली, वरचं पातळ जांभळं इरकल, काठाला तांबडी पट्टी. चेन्नईच्या घामात, पंखा पाचावर असताना ते ती घ्यायचे. "उकडत नाही का?" विचारलं तर म्हणायचे, "पायांवर तरी असू दे." मी त्या गोधडीला हात लावत नसे. त्यांची खोली झाडताना ती उचलायची वेळ आली की मी खोली अर्धीच झाडायचे.

भोगीच्या पहाटे बेल वाजली तेव्हा मी जेमतेम दोन-तीन तास झोपले होते. नवऱ्याला त्या आठवड्यात रात्रपाळी होती, बाबा आत खोली धूत होते. दार उघडलं तर समोर मामी, स्नान केलेल्या, हातात आमची तुटकी खुर्ची. बाहेरच्या पॅसेजमध्ये आम्ही आदल्या संध्याकाळी काढून ठेवलेला ढीग होता. मामी काहीतरी विचारत होत्या. मला आठवतं ते एवढंच की माझं डोकं ठणकत होतं, देवळाच्या लाऊडस्पीकरवर भजन चालू होतं, आणि मला या फेंग शुईचा, भोगीचा आणि सगळ्यांच्या नव्या ऊर्जेचा वीट आला होता. मी काहीतरी बोलून दार लावलं आणि परत आडवी झाले.

पंधरा मिनिटांनी खोलीत धूर आला. खिडकी लावायला उठले. खाली गल्लीत ठिकठिकाणी जाळ पेटले होते, पोरं छोटे ढोल बडवत होती, आणि आमच्या दारासमोरच्या जाळात वेताच्या खुर्चीवर जांभळं इरकल पेटलं होतं. तांबडी पट्टी अजून दिसत होती.

मी जिना कसा उतरले ते माहीत नाही, पायात चप्पल नव्हती. बाबा जाळाजवळ उभे होते, हातात काठी. गल्लीतली सगळी माणसं, मामी, त्यांचा मुलगा, समोरचे इस्त्रीवाले, सगळे तिथे. आणि मी त्या सगळ्यांदेखत माझ्या बापावर ओरडले.

"त्या फालतू पुस्तकासाठी? आईची गोधडी? एकदा जाळलंत तेवढं पुरलं नाही तुम्हाला?"

हे वाक्य मी बोलले. आज लिहितानाही हात थांबतो. मला वाटत नाही की त्याआधी कधी मी इतकं वाईट कुणाला बोलले असेन.  मराठी समजणारे तिथे फक्त मामी आणि त्यांचा मुलगा होते. मामींनी तोंडावर पदर धरला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चूक झाली."

एवढंच. कारण नाही, खुलासा नाही. मग मला रडू फुटलं. दारातल्या पायरीवर, मामींच्या अंगाला टेकून, मी आषाढापासूनचं सगळं रडले. कुणीतरी स्टीलच्या पेल्यात कॉफी आणून ठेवली, ती तशीच गार झाली. दुपारपर्यंत थांबत-थांबत रडतच होते. त्या दिवशी ऑफिसला गेले नाही. बाबांच्या उजव्या हाताच्या बोटांना पिवळं मलम लावलेलं मी पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर घरातले कायदे आपोआप बंद पडले. मी घरी आल्यावर हॉलमध्ये कुणी थांबवत नव्हतं. टोपली दाराजवळ रिकामी पडली. बाबा वेळेवर जेवायचे, गोळ्या घ्यायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. मी तर विचारतच नव्हते. मला रोज रडू यायचं, बसमध्ये, ऑफिसच्या बाथरूममध्ये, कुठेही, आणि त्या प्रत्येक वेळी मला बाबांचा राग यायचा. नवऱ्याने एकदा म्हणून पाहिलं, "त्यांनी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. फेब्रुवारीच्या शेवटी बाबांनी सांगितलं की पाडव्याच्या दोन दिवस आधीचं तिकीट काढलंय. घरी गुढी उभारायची म्हणाले. मी "बरं" म्हटलं. मला धक्का बसायला हवा होता, पण रागाने तेवढी जागाच ठेवली नव्हती.

तिकिटाच्या आधीच्या रविवारी बाबा इंग्रजी पेपर आणायला खाली गेले होते. मी ते लाल पुस्तक हातात घेतलं. मला ते पान हवं होतं, मेलेल्या माणसाच्या वस्तू जाळा असं सांगणारं. ते त्यांच्यासमोर धरायचं, त्यांनी जाण्याआधी एकदा धरायचंच, असं ठरवलं होतं. मी अनुक्रमणिका पाहिली, मग पहिल्यापासून पानं चाळली, मग शेवटापासून.

असं पान नव्हतंच. अडगळ काढा, असं होतं. जाळा, असं कुठेही नव्हतं. बाहेरून आल्यावर दहा मिनिटं बसायचंही नव्हतं. रिकाम्या खुर्चीने घराचा तोल जातो, फोन टोपलीत ठेवावा, असलं काहीच नव्हतं. आरसे होते, बांबू होते, तीन पायांचा बेडूक होता. हॉलमध्ये उत्तरेला पाण्याचं कारंजं लावा, असं दोन ठिकाणी ठळक छापलं होतं, ते बाबांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पूर्व म्हणजे लाकूड, वसंत आणि कुटुंब, एवढं मात्र खरं होतं, त्याखाली पेन्सिलची रेघ होती. बाकी सगळ्या समासांत त्यांचं ते वही तपासण्याचं बारीक अक्षर. "कशावरून?" "सिद्धता?" "अर्थहीन." एका आकृतीतला कोन चुकला होता, तो त्यांनी दुरुस्त केला होता. पुस्तकाच्या साठाव्या पानानंतर त्यांचं अक्षरही नव्हतं, पानं न उघडल्यासारखी करकरीत.

मी त्या खुर्चीत बसून राहिले. म्हणजे बाबांचा या कशावरच विश्वास नव्हता. दोन महिने ते खोटं बोलत होते. गणिताच्या मास्तरने पोरीला रोज संध्याकाळी मिटलेल्या पुस्तकातून थापा मारल्या होत्या. मग गोधडी कशासाठी जाळली?

हे विचारायला मी मामींकडे गेले, कारण बाबांना विचारायची हिंमत होत नव्हती. मामी गच्चीवर होत्या. कडुलिंब फुलला होता आणि त्या वर्षभराच्या रसमसाठी फुलं सुपात घेऊन वाळत घालत होत्या. मी सरळ विचारलं, मामी, त्या दिवशी बाबांनी ती गोधडी तुमच्याकडे का दिली?

मामींचा हात थांबला. "मास्तरांनीं कोठें दिली? म्यां उचलली. पहाटे ते खोली धूत होते, निजायचें सगळें बाहेर खुर्चीवर ठेविलें होतें. मला काय ठाऊक, आमच्या घरीं तसलें काहीं नसतें. इतक्या चिंध्या जोडलेलें म्यां कधीं पाहिलें नाहीं. वाटलें, फार जुनें झालें, म्हणून पोगीला काढलें." त्या माझ्याकडे पाहत होत्या. "तुज विचारलें ना म्यां दारांत? हें पातळांचें पण घेऊं का म्हणून. तूं म्हणालीस, सगळें घ्या, एक वेळ संपूं द्या सगळें."

 पहाटेचं ते दार, मामींच्या हातातली खुर्ची, त्यांचं काहीतरी विचारणं, माझं काहीतरी बोलणं. काय बोलले ते मला आता शब्दन् शब्द आठवलं. मी बघितलंसुद्धा नव्हतं.

"बाबांना माहीत आहे?"

"तेव्हांच सांगितलें. धांवत आले, जाळांत हात घालूं लागले, माझ्या मुलानें ओढून धरलें. म्यां म्हटलें, मास्तर, माझें चुकलें, पण पोरीनें हो म्हटलें होतें. ते म्हणाले, मामी, हें तिला कधीं सांगूं नका." मामींनी डोळे पुसले. "सांगितलें आतां. वेंडा, नको, रडूं नकोस."

मी रडत नव्हते. मी जिना उतरत होते.

बाबा पेपर घेऊन वर आले होते आणि बॅग भरत होते. त्या उजव्या हाताच्या दोन बोटांवरची कातडी अजून गुलाबी होती. दोन महिने मी त्यांच्या समोर बसून जेवत होते आणि ती मला दिसली नव्हती.

"मी सांगितलं होतं मामींना, घ्या म्हणून," मी म्हणाले. "मी जाळली ती. तुम्ही का ऐकून घेतलंत? गल्लीसमोर? इतके दिवस?"

बाबा घडी घालत होते त्या सदऱ्याची बटणं त्यांनी लावून घेतली, खालपासून वरपर्यंत.

"तू रडत होतीस," ते म्हणाले. "सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी तेव्हा म्हटलं असतं की बाई, तूच हो म्हणालीस, तर ते रडणं तिथंच बंद झालं असतं. परत दार लागलं असतं. मला तेवढं परवडत नव्हतं. गोधडी काय, गेली. वाईट वाटलं. पण गेली."

"आणि ते पुस्तक?"

"पुस्तक टाकाऊ आहे," बाबा एकदम मास्तरी आवाजात म्हणाले. "पण मी नुसतं म्हटलं असतं, पोरी, माझ्याजवळ बस जरा, तर तू म्हणाली असतीस, बाबा, कॉल आहे. म्हणतच होतीस. चिनी माणसाने सांगितलं म्हटल्यावर भांडायला तरी बसायचीस. भांडताना आईचं नाव घ्यायचीस. एरवी घेत नव्हतीस."

मी भिंतीला टेकून उभी होते. इतके दिवस मी ऑफिसात, फोनवर, नातेवाइकांना सगळ्यांना सांगत होते की बाबांना एकटं कसं ठेवायचं म्हणून घेऊन आले आहे. त्यांना सांभाळते आहे.

"तुम्हाला इकडे यायचंच नव्हतं ना?"

"मला काय धाड भरली होती तिकडे? शेजारच्या काकू डबा देत होत्या. तू तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हसत गाडीत बसलीस, तेव्हाच मी बॅग काढली होती. मग मुद्दाम नाही नाही म्हटलं, म्हणजे तू घेऊनच जाशील. आता तू रडतेस, चिडतेस, सगळं व्यवस्थित आहे. माझं काम झालं." त्यांनी बॅगेची चेन ओढली. ती मध्ये अडकली, ते ती मागेपुढे करत राहिले.

सहा महिने मी त्यांना थांबवण्यासाठी काय काय कारणं दिली होती. तुमच्या गोळ्या, तुमचं जेवण, तुमचं वय, तुमचं एकटेपण. एकाही कारणाला ते बधले नव्हते, आणि आत्ता मला कळत होतं की का. जे खरं होतं ते मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणायला लाज वाटत होती. एकोणतीस वर्षांची बाई, हाताखाली सहा माणसं.

"माझं काहीही व्यवस्थित नाहीये," मी म्हणाले. "बाबा, मला आईची आठवण येते आणि मला ते एकटीला जमत नाहीये. तुम्ही राहा."

बाबांनी चेन सोडून दिली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. मग खिशातून तिकीट काढून माझ्या हातात ठेवलं.

"रद्द करायला उद्या सकाळी सातला जा," ते म्हणाले. "नंतर खिडकीवर रांग असते."